आजोबांना थंडी वाजते

खोटं स्वप्न सांगायला अक्कल फारशी लागत नाही, धीर लागतो. वुआहांगीने तो भातकापणीच्या शेवटच्या दिवशी एकवटला आणि सगळ्या घरादारासमोर थोरल्या दिराला सांगून टाकलं, "दादा, मामंजी स्वप्नात आले होते. म्हणाले, थंडी वाजते गं. कापड विरलंय."

सांगितलं आणि तिच्याच अंगावर काटा आला. पितरांच्या तोंडी नसलेले शब्द घालणं म्हणजे काय, हे मादागास्करच्या या डोंगराळ मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात तिचे सासरे, म्हातारे राइनिमारु, जिवंतपणी भर थंडीत, धुक्यात, उघड्या अंगाने बैल धुवायचे. मुलांनी कुडकुडत दारातून बघितलं की हसायचे. अशा माणसाला मेल्यावर हुडहुडी भरली यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

पण पितर गारठले म्हटल्यावर आंबुहित्सारा गावात वाद घालायची सोय नसते. पितरांच्या दगडी घराचं, कबरीचं, दार उघडायचं, आतल्या सगळ्यांना उन्हात आणायचं, नवं लाल रेशीम गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं, चार गोष्टी सांगायच्या, खांद्यावर नाचवायचं आणि कूस बदलून पुन्हा निजवायचं. खर्च होतो, बैल कापावा लागतो, पण नाही म्हणता येत नाही. नाही म्हणू शकणारा माणूस या घरात एकच होता आणि तोच तिच्यासमोर बसला होता.

राझाका. घरातला थोरला, आणि गोऱ्या सरकारने नेमलेला मुखिया. सरकारी पांढरी टोपी डोक्यावर नसली तरी मान टोपी असल्यासारखी धरायची त्याला सवय. गेल्या साली पूर्वेच्या रानात बंड पेटलं, पलटणी आल्या, गावंच्या गावं रानात पळाली, तेव्हापासून तर शिंकायच्या आधीही तो साहेबाची परवानगी घेतो, असं त्याची बहीण केताका त्याच्या तोंडावर म्हणायची. वुआहांगीने त्याच्या नकाराला काय उत्तर द्यायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं.

राझाका बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "उघडू या."

एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी टोपी घालून स्वतः साहेबाच्या चौकीवर गेला. हा इतक्या सहज कसा वळला, याचं खरं तर तिला नवल वाटायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. तिने पडत्या फळाची आज्ञा मानली आणि कोष्ट्याकडे लाल रेशीम सांगायला धावली.

राझाका परतला तो दोन अटी घेऊन. साहेब स्वतः हजर राहणार, ही पहिली. दुसरी अशी की जितके बाहेर येतील तितकेच आत जातील.

"म्हणजे काय?" केताकाने विचारलं होतं.

"रानात मेलेल्यांना लोक गुपचूप आणून आपापल्या कबरीत ठेवतात, असं त्यांच्या कानावर आलंय. बंडवाल्यांना कबर द्यायची नाही असा वरचा हुकूम आहे."

"मेलेल्यांचीही मोजदाद का आता? जिवंत संपले वाटतं मोजून."

वुआहांगीने पदराशी चाळा केला आणि मान खाली घातली. तिचा एकुलता एक मुलगा, फारालाही, त्याच रानात मेला होता.

*

आता पितर उठवायचा दिवस उद्यावर आला होता. अंगणात पाहुण्यांच्या चटया पसरल्या होत्या, मोठ्या हंड्यांत डुकराची चरबी कढत होती, बासरीवाले आणि ढोलवाले आल्या आल्या रम मागत होते. डोंगरातलं धुकं दुपारीच खाली उतरलं होतं. त्यात माणसं अर्धी दिसत, अर्धी नुसती ऐकू येत. वुआहांगीला दोन दिवस सगळं असंच झोपेतल्यासारखं वाटत होतं. हातून कामं होत होती, पण ती करतंय कोण ते कळत नव्हतं.

खरं स्वप्न तिला पडलं होतं, पण ते वेगळं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. फारालाही खाचराच्या बांधावर उभा होता, पाय चिखलाने भरलेले, दमलेला. घरात यायचं सोडून तिथूनच विचारत होता, "आई, मी कुठे निजू?" तिने तोंड उघडलं, पण उत्तर सुचेना. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा जाग आल्यावर ती धाकट्या दिराकडे गेली होती.

आत्ता तो धाकटा दीर, नाइवु, भाताच्या कोठारात तिची वाट बघत होता. महायुद्धात तो फ्रान्ससाठी लढायला गेला, जर्मनांच्या तारेच्या कुंपणात चार वर्षं सडला आणि परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक लष्करी कांबळं आणि एक पदक होतं. पदक त्याने बैलाच्या शिंगाला बांधलं. "त्यानेही सरकारसाठी पुष्कळ ओढलंय," असं विचारणाऱ्याला सांगायचा. कांबळ्याचा उपयोग मात्र झाला. चटया विकायच्या निमित्ताने तो पूर्वेच्या रानात उतरला, एका लाकूडतोड्याने जागा दाखवली, आणि त्या कांबळ्यात हाडं बांधून त्याने पुतण्याला घरी आणलं. आता फारालाही वेताच्या टोपलीत होता, वर भात पसरलेलं.

"सगळं लक्षात आहे ना?" वुआहांगीने दबक्या आवाजात विचारलं. "मामंजींचं जुनं कापड काढायचं नाही. त्याच्यावर पोराला ठेवायचं आणि दोघांवर मिळून नवं रेशीम. बाहेरून गाठोडं एकच दिसेल."

"ते होईल. पण नावाचं काय?"

हाच काटा तिला टोचत होता. दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव घरातला थोरला मोठ्याने घेतो आणि लोक "घरी आला" म्हणतात. नाव न घेता आत गेला तर आतले त्याला ओळखत नाहीत. कुणी पाहुणा समजतात आणि दाराशी बसवून ठेवतात. कायमचा.

"दादा घेणार नाही," नाइवु म्हणाला. "त्याला आपण सांगूही शकत नाही. मग मी घेतो. साहेबाच्या नाकासमोर उभा राहून घेतो. फारालाही, देशासाठी मेला. ऐकू दे सगळ्यांना."

"तू थोरला आहेस का? तू घेतलेलं नाव आत पोचत नाही."

"आत नाही पोचलं तरी बाहेर पोचेल! वहिनी, किती दिवस तोंड दाबून बसायचं? युद्ध चालू होतं तेव्हा आपलंच भात आपल्याकडून स्वस्तात उचललं आणि आपल्यालाच महाग विकलं. जिंकलो की सगळं बदलेल म्हणाले. जिंकलो. काय बदललं? तुझ्या पोराला दोरी लावून कॉफीच्या मळ्यावर नेलं ते जिंकल्यावर. तो बंडात गेला नसता तर कोण गेलं असतं?"

"मग? तू ओरडलास की ते काय करतील? कापड फाडतील. पोराला उचलून नेतील आणि कुठल्या तरी खड्ड्यात टाकतील."

"टाकू देत! सगळा मुलूख बघेल."

वुआहांगीने त्याच्याकडे बघितलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा या नाइवुचं नाक ती पुसायची. "तुला हुतात्मा हवाय, नाइवु," ती म्हणाली. "मला माझं पोर हवंय. त्याने नीट झोपावं एवढंच मला हवंय. तुझा देश त्याला उठवून पुन्हा कुठे पाठवणार आहे?"

नाइवुला हे लागलं. तो काही बोलणार तोच कोठाराचं दार करकरलं.

"दोघं दीर-भावजय भात मोजता की दुखणी?" दारात केताका उभी होती, कमरेवर हात, अंगावर पाहुण्यांत मिरवायचा पांढरा लांबा, खांद्यांवरून अंगभर गुंडाळलेला. अंगाने भरदार, तोंडाने त्याहून. नवऱ्याचं बाजारात दुकान, परवाना साहेबाच्या सहीचा. त्यामुळे घरात सरकारवर सगळ्यात जास्त तोंडसुख तीच घ्यायची आणि सरकारला सगळ्यात जास्त तीच भ्यायची. "हंडा उकळून उतू जायला आलाय, भात कुठाय?"

ती सरळ टोपलीपाशी गेली आणि तिने भातात हात घातला. नाइवु पुढे झेपावला, पण उशीर झाला होता.

केताकाचा हात तसाच राहिला. चेहऱ्यावरचा रंग उडाला. कांबळ्याची कड बोटांनी चाचपत ती हळूच म्हणाली, "कोण आहे हे?"

नाइवुने मागे जाऊन कोठाराचं दार लोटलं.

"वहिनी, कोण आहे हे?"

"तुम्हाला माहीत आहे कोण आहे, वन्सं."

"म्हणजे बाबांना थंडी वाजत नव्हती." केताका मटकन खाली बसली. "पितरांच्या तोंडी खोटं घातलंस? तुला भीती नाही वाटली? अगं, उद्या साहेब समोर खुर्ची टाकून बसणार. कळलं तर दादाची मुखियागिरी जाईल, आमचं दुकान जाईल, नाइवुला तर परत तारेच्या आतच घालतील. आणि हा," ती नाइवुकडे वळली, "हा तर पहिल्यापासून घोड्यावर बसलेलाच. पण तू? तू घरातली शहाणी!"

"उचला आणि द्या साहेबाला नेऊन," वुआहांगी म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण आधी एकदा भेटा त्याला. तुमचाही होता."

केताका भेटायला तयार नव्हती. तरी हात आपोआप पुढे झाला. तिने कांबळं थोडं बाजूला केलं, वाकून बघितलं, आणि बघतच राहिली. पुढचा अर्धा दात तुटलेला होता.

"हा दात," ती म्हणाली. "हा माझ्या उंबऱ्यावर पडून तुटला होता. मी तुला सांगितलं, ऊस खाताना तुटला. तू मला बोल लावशील म्हणून." ती तोंडावर लांबा घेऊन रडायला लागली. "आणि कार्टं इतकं इमानी, तुला कधी सांगितलं नाही ना त्याने?"

"नाही."

"बघ."

बाहेर कुणीतरी केताकाला हाका मारत होतं. तिने डोळे पुसले, टोपलीवर भात नीट सारखं केलं आणि उठली. दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "तुम्हा दोघांना काही जमायचं नाही. तुमच्या चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं असतं. उद्या त्याला मी घेऊन येईन, लांब्याखालून. माझं पोट सुटलंय हे सगळ्या गावाला माहीत आहे. थोडं आणखी सुटलं असं वाटेल."

"आणि दादा?" नाइवुने विचारलं.

"दादाला एक शब्द कळता कामा नये. तो खोटं बोलूच शकत नाही. लहानपणी आंबे मी चोरायचे आणि सांगून टाकायचा तो."

*

सकाळी धुकं टेकडीवरून उठलं तेव्हा दगडी घरासमोर सगळा गाव जमला होता. शेजारची गावंही होती. वाजवणारे लाल अंगरखे घालून नाचत होते. साहेब लाकडी खुर्चीवर बसला होता. वयाने पोरगेलाच, गोरी मान उन्हाने लाल झालेली. दोन वर्षांत इथली भाषा मोडकीतोडकी शिकला होता आणि ती बोलून दाखवायची त्याला हौस होती. शेजारी बंदूक घेऊन शिपाई उभा होता. तो पलीकडच्या खोऱ्यातलाच, इथल्या निम्म्या लोकांना नावाने ओळखणारा.

दार उघडलं. एक एक करून पितर बाहेर आले आणि बायकांनी त्यांना मांडीवर घेतलं. वुआहांगीच्या नवऱ्याला मात्र आत तसाच ठेवला. पोराची बातमी आली त्याच महिन्यात तो तापाने गेला होता, त्याला जाऊन वर्षच झालं होतं, इतक्यात उठवत नाहीत. सगळ्यात शेवटी म्हातारे राइनिमारु आले. त्यांना आणणारा नाइवु धूळ झटकत म्हणाला, "बाबा भिंतीला अगदी चिकटून निजले होते. ओढून काढावं लागलं."

"जिवंतपणी सगळी चटई अडवायचे," कुणीतरी म्हातारं म्हणालं आणि लोक हसले.

"सात," साहेबाने मोजलं. "सात बाहेर. सात आत. ठीक?"

"ठीक, साहेब," राझाका म्हणाला. तो टोपी घालून ताठ उभा होता.

सासऱ्यांना वुआहांगीने मांडीवर घेतलं. किती हलके झाले होते. रेशीम खरंच विरलं होतं. तिला एकाएकी वाटलं, यांना खरोखर थंडी वाजत असेल तर? मग तिने त्यांची माफी मागितली. मोठ्याने नाही. बाकीच्या बायका आपापल्या पितरांना घरच्या बातम्या सांगत होत्या, कुणाचं लग्न झालं, कुठली गाय व्याली. हीही पुटपुटायला लागली. मामंजी, तुमचा नातू आणलाय. तो तुमच्या पाठीशी लागून झोपायचा, आठवतं ना? लाथा मारायचा. सांभाळून घ्या.

केताका डुलत डुलत आली आणि "अगं बाई, गुडघे!" म्हणत तिच्या अंगाला अंग लावून बसली. बसताना लांबा दोघींच्या मांड्यांवर पसरला. साहेबाने तिच्याकडे बघून तोंड फिरवलं. बसताना कण्हणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे कोण बघतं? लांब्याखाली चार हात काम करत होते. जुन्या कापडावर नातवाला निजवलं, वरून नवं लाल रेशीम ओढलं, एक वेढा, दुसरा वेढा. वुआहांगीच्या बोटांना एकदा तो तुटका दात लागला. मग तोही कापडाआड गेला.

शेवटची गाठ मारायला थोरला येतो. राझाका आला, उकिडवा बसला आणि गाठोडं आपल्याकडे ओढून त्याने दोर घेतला. त्याचा हात कापडावरून फिरला आणि मध्येच थांबला. तिथे एक गोल उंचवटा होता. जिथे असायला नको तिथे.

केताका आकाशाकडे बघायला लागली.

"बाबा जड झाले," राझाका अगदी हळू म्हणाला.

"पितर जडच असतात, दादा," केताका म्हणाली.

त्याने मान वर केली आणि वुआहांगीकडे बघितलं. रागावलाय, घाबरलाय की नुसता थकलाय, तिला काही ओळखता आलं नाही. मग त्याने गाठ मारली. एका गाठीवर दुसरी मारली, दोर ओढून बघितला आणि उठून गेला. साहेबाच्या दिशेने गेला. तिला वाटलं, संपलं. पण तो खुर्चीपाशी नुसता जाऊन उभा राहिला.

*

सात फेऱ्या झाल्या. पितर खांद्यांवर नाचले, पोरं मधून धावली, रमचे शिंतोडे उडाले, ढोल इतके जवळ वाजत होते की वुआहांगीला ते आपल्या छातीत वाजतायत असं वाटलं. सगळा डोंगर फिरत होता. त्या लाल गाठोड्यांमध्ये एक गाठोडं तिचं होतं आणि तिच्याखेरीज फक्त दोघांना, फार तर तिघांना, ते ठाऊक होतं. ती नाचली. पोर आल्यावर आई नाचणार नाही तर काय करणार?

मग वाजवणं थांबलं, फक्त एक बासरी राहिली. राझाका दाराशी उभा राहिला. एक एक गाठोडं आलं, त्याने नाव घेतलं, लोकांनी "घरी आला", "घरी आली" म्हटलं, आणि ते अंधारात गेलं. साहेब बोटांवर मोजत होता.

शेवटचं गाठोडं आलं. पुढच्या बाजूने नाइवुच्या खांद्यावर होतं.

"राइनिमारु!" राझाकाने पुकारलं.

"घरी आला!"

आता वाकून आत जायचं. नाइवु वाकला नाही. जागच्या जागी उभा राहिला. त्याची छाती फुगलेली वुआहांगीने बघितली. ती दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. नको, बाबा. दाराशी बसेल तर बसेल, पण दाराच्या आत तरी बसू दे. नाइवुने तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. सगळं आयुष्य गिळत आलेला माणूस आणखी एक घोट गिळतो तसा त्याने तो श्वास गिळला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात राझाकाने टोपी काढली.

उन्हात त्याचं पांढरं डोकं उघडं पडलं. इतक्या वर्षांत ते लोकांनी असं चारचौघांत बघितलंच नव्हतं. त्याने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. आधीची नावं घेतली त्याच आवाजात म्हणाला,

"फारालाही!"

बासरी थांबली. फारालाही कोण, हे तिथे साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. शिपायालाही माहीत होतं. कुणीतरी पहिलं बोलायला हवं होतं. पहिली केताका बोलली, साहेबाच्या सहीच्या परवान्यावर जगणारी केताका.

"घरी आला."

मग सगळे म्हणाले. ओरडून नव्हे, झोपेत बोलावं तसं, एका सुरात. "घरी आला." मागे उभ्या असलेल्या बायकांचे ओठ त्यानंतरही हलत राहिले. वुआहांगीला कळलं, त्या आपापली नावं घेतायत. ज्यांचे कुणी रानातून परतले नव्हते त्या.

साहेब खुर्चीवरून उठला. "दुसरा नाव? कोण हा? मी सात मोजला."

"सातच आहेत, साहेब," राझाका म्हणाला. "आमच्यात दोघं एका कापडात निजतात कधी कधी."

"पण कोण?"

"आमच्या घरातलं शेंडेफळ."

"लहान मूल?"

"आम्हाला लहानच."

"ओह. कधी मेला?"

"आई जवळ नव्हती तेव्हा," राझाका म्हणाला. "त्याला आजोबांपाशी झोपायची सवय होती. म्हणून दोघांना बरोबर ठेवलं."

यात एक शब्द खोटा नव्हता. साहेबाने शिपायाकडे बघितलं. शिपाई आपल्या बुटांकडे बघत होता. साहेबाने राझाकाच्या उघड्या डोक्याकडे बघितलं, आपल्या हातून काही चुकलं की काय अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघितलं, आणि स्वतःचीही टोपी काढली. चांगल्या वळणाच्या आईबापांचा मुलगा असावा. गोऱ्या सरकारचा साहेब उघड्या डोक्याने उभा होता आणि त्याच्यासमोरून त्यांच्याच गोळीने मेलेला फारालाही, आजोबांच्या कुशीत, आपल्या घरी गेला.

आत गेलेला नाइवु बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. वुआहांगीला एवढंच दिसलं की तो सरळ थोरल्या भावाकडे गेला आणि लहानपणी धरायचा तसा त्याचा लांबा धरून उभा राहिला.

*

साहेब मांस-भात खाऊन गेला. तरण्या सुना पितरांच्या चटयांचे तुकडे पळवायला भांडत होत्या, पोरं व्हावीत म्हणून. केताका त्यांना शिव्या देत मध्येच हसत होती. ऊन उतरलं आणि धुकं परत आलं. वुआहांगी टेकडी उतरायला लागली तेव्हा राझाका तिच्या बरोबरीने चालत होता. टोपी त्याच्या हातातच होती.

"शिपायाने ऐकलंय," तो म्हणाला. "आज बोलला नाही, उद्या बोलेल. दोनचार दिवसांत मला बोलावणं येईल."

"दादा, माझं नाव सांगा. कापड मी गुंडाळलं."

"नाव घेणं थोरल्याचं काम. ते मी केलं." टोपीतली धूळ त्याने फुंकरून उडवली आणि ती पुन्हा घातली नाही. "घाबरलेला तर मी आहेच. पण मी आयुष्यभर घाबरतच आलोय, त्यामुळे त्याचं फारसं काही वाटत नाही."

खाचरांच्या बांधावर ते पोचले. इथेच तो उभा होता, चिखलाच्या पायांनी. आता तिथे नुसतं पाणी होतं, त्यात धुकं.

"वुआहांगी, तू स्वप्न खोटं सांगितलंस."

तिने मान हलवली. नाही कशाला म्हणायचं?

"मला तेव्हाच कळलं. बाबांना थंडी वाजते म्हणालीस. बाबांना कधी थंडी वाजत नाही."

"मग तुम्ही उघडायला हो का म्हणालात?"

राझाका थांबला. पाण्याकडे बघत बोलला, स्वतःशी बोलावं तसं. "कापणी संपायच्या आदल्या रात्री ते माझ्याकडे स्वप्नात आले होते. उघड्या अंगानेच. मला काही अर्थ लागला नाही, म्हणून कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तू उठलीस आणि कबर उघडा म्हणालीस. मला वाटलं, ज्याला सांगायचंय तो येत असेल."

"काय म्हणाले मामंजी?"

"म्हणाले, पोराला सांग, मी सरकलोय."